एका कानाने ऐकलेले स्वीडन

“कान गेले होते बिचाऱ्यांचे, म्हणून तर तो स्वीडिश गोंगाट आपल्या रेडिओवर वाजला!”

इंदिरानगरात अण्णांच्या शोकसभेत आमच्या केंद्रप्रमुखांनी हे वाक्य उच्चारले आणि सभा हसली. समोर हार घातलेला फोटो असताना हसली. मी हसलो नाही. आमच्या छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रात मी अकरा वर्षे यंत्रे सांभाळली. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे माइकसमोर अण्णा. तेव्हा काय घडले हे सांगण्याचा अधिकार माझा आहे, आणि तो मी बजावणार आहे.

त्यांचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. हे त्यांनी कधीही लपवले नाही. तुमच्यापैकी जे केंद्रावर येऊन गेले त्यांनी पाहिलेच असेल: अण्णा हेडफोन सरळ लावून गाणे शेवटपर्यंत ऐकत, मग तो उलटा फिरवून, डावी वाटी उजव्या कानावर घेऊन, तेच गाणे पुन्हा पहिल्यापासून ऐकत. मी काचेतून घड्याळ दाखवले की हात वर करीत.

“स्वल्प थांबा, राव. एक बाजू झाली, एक बाकी आहे.”

“अहो अण्णा, गाणे तेच ना?”

“तुम्हाला दोन कान आहेत, म्हणून तुम्ही एकदाच ऐकता. मला ती सवलत नाही.”

रविवार दुपारचा परदेशी संगीताचा तास त्यांचा. त्या तासासाठी स्वीडनमधल्या चार तरुणांच्या एका गॅरेज रॉक, म्हणजे मुद्दाम खडबडीत दणदणाटी रॉक वाजवणाऱ्या, बँडने आपल्या नव्या गाण्याची फाइल पाठवली. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे पुण्याहून या कानडी शहरात नोकरीसाठी येऊन पुढे हौसेने रेडिओत शिरलेल्या या गृहस्थांनी, ती ऐकून ‘ओके’ असा शेरा मारला. अण्णांनी दुसरी बाजू ऐकली आणि गाणे लावायचे नाकारले.

“पोरे घाईत आहेत, पण तालाला पक्की आहेत. अशी पोरे गिटार मध्येच खाली ठेवणार नाहीत. इथे काहीतरी तुटले आहे, राव.”

त्यांनी बँडला सविस्तर मेल लिहिला. आठवड्याने नवी फाइल आली. ती त्यांनी सरळ ऐकली, उलटी ऐकली, आणि मग सलग तीन रविवार वाजवली.

पहिल्याच रविवारी हेब्बाळहून एका श्रोत्याचा फोन आला. “काय हो स्वामी, स्टुडिओचे पत्रे पडतायत का?”

“पडू द्या सर,” अण्णा म्हणाले, “तालात पडताहेत.”

तिसऱ्या रविवारनंतर केंद्रप्रमुखांनी त्यांना बोलावले. “अण्णा, कंप्लेंट्स येतायत. रागावू नका, पण तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही. थोडा ब्रेक घ्या ना.”

“सरी,” कानडीत ‘बरे’, एवढेच म्हणून अण्णा उठले. नऊ वर्षांचा तास एका शब्दात संपला.

मी त्यांना जिन्यात गाठले. “त्या खराब फाइलवर यांचाच शेरा आहे! सांगत का नाही?”

“सांगून काय होणार? केंद्रप्रमुख असला तरी मुलगाच आहे तो, त्याला चारचौघांत खाली बघावे लागेल. जाऊ द्या.”

या मोठेपणाचाही मला राग येतो. ज्याची लाज त्यांनी झाकली, त्यानेच त्यांच्या शोकसभेत त्यांच्या कानांवर विनोद केला. जाऊ देणे त्यांना जमले. मला जमत नाही, आणि जमवायचेही नाही.

“वय झाले की असे व्हायचेच,” असे सभेनंतर चहा पिताना मला चौघांनी सांगितले. त्या चौघांनी आणि तुम्हीही केंद्राची मेलपेटी उघडून पाहावी. नव्या फाइलसोबत बँडचे उत्तर आहे: दुसऱ्या कडव्यात डाव्या बाजूची गिटार नाहीशी होते हे तुम्ही कळवेपर्यंत कोणाच्याही ध्यानात आले नव्हते, जुनी प्रत आम्ही सर्व केंद्रांवरून मागे घेतली आहे. स्वीडनच्या रेडिओवर ते गाणे आज वाजते, ते अण्णांनी चूक दाखवल्यावर दुरुस्त केलेले.