चेंडू हातात नसताना

रॉयस टिडवेलने गाडी चालवणं सोडलं तेव्हा लोकांना कारण सांगितलं कंबरेचं. खरं दुखणं डोळ्यांचं होतं, आणि ते फक्त त्याच्या बायकोला, ओपलला माहीत होतं. नजरेच्या ऐन मध्यावर धुक्याचा ठिपका बसला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. संघाला कळलं असतं तर त्याचं काम त्याच दिवशी गेलं असतं.

मिसिसिपीतल्या कॉलेजांची अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं व्यावसायिक संघासाठी पारखायची, एवढंच रॉयसने जन्मभर केलं. त्यातही चेंडू काखेत मारून धावणारे रनिंग बॅक ही त्याची खासियत. पडलेलं पोरगं उठतं कसं, यावरून त्याचा गुडघा कसा आहे ते तो ओळखायचा. बाकी कामांत आनंदच होता. घरातला नळ गळायला लागला तरी पाना ओपलच्याच हातात.

त्या हंगामात तो पारख्यांसाठीच्या वरच्या काचेच्या खोलीत बसेनासा झाला. खाली बाकांवर ओपलच्या शेजारी बसायचा, मध्ये उकडलेल्या शेंगांची पिशवी. इतर पारखी जाता-येता टोमणे मारत.

"काय रे रॉयस, म्हातारपणी बायकोशिवाय करमेना का?"

"तुझी तुझ्याबरोबर यायला तयार नाही, त्याला मी काय करू?"

हसण्यावारी निभावून जायचं.

सगळ्यांच्या तोंडी तेव्हा मेबरी नावाच्या पोराचं नाव होतं. त्याने चेंडू घेतला की अख्खं मैदान उठून उभं राहायचं.

"घुसला उजवीकडून," ओपल हळूच सांगायची. "एकाला खांद्याने उडवला. पाय काही थांबत नाहीत बघ."

"ते सगळेच बघतायत. चेंडू हातात नसताना काय करतो ते सांग."

क्वार्टरबॅक चेंडू फेकायला उभा राहिला की त्याच्यावर तुटून पडणाऱ्याला मध्येच अंगावर घ्यायचं, हेही रनिंग बॅकचंच काम. त्याला टाळ्या पडत नाहीत.

ओपलने एक शेंग सोलली.

"अगं, सांग ना."

"पोरगं गोड आहे रे. आत्ता पडलेल्याला हात देऊन उठवलं त्याने."

"ओपल, मी जावई शोधत नाहीये."

"मग ऐक. समोरच्या संघाचा एक दांडगा डावीकडून आला आणि हा बघत बसला उजवीकडे. क्वार्टरबॅक आडवा झाला तो याच्यामुळे." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आता मात्र क्वार्टरबॅकने बोट करून दाखवलं, तर हा सरळ जाऊन भिडला. अंग चोरलं नाही."

पुढच्या सामन्यांतही तिने हेच पाहिलं. रॉयसने अहवालात लिहिलं : घाबरत नाही, हल्ला कुठून येतोय ते ओळखता येत नाही. शिकवलं तर शिकेल.

एप्रिलमध्ये, पोरांची निवड तोंडावर आलेली असताना, संघाची निवड बघणाऱ्या हॅस्केलसाहेबांचा फोन आला. ओपल बिस्किटांचं पीठ लाटत होती.

"रॉयस, इथे बाकीचे म्हणतात की पोरगं भित्रं आहे, नाव काढून टाका. तू एकटाच शिकेल म्हणतोयस. व्हिडिओत चूक दिसते, पोराचं मन दिसत नाही. तू तिथे होतास. तू पाहिलंस ना?"

हो म्हटलं की संपलं होतं. रॉयसने हो म्हटलं नाही.

"नाही साहेब. ओपलने पाहिलं. मला समोरचं दिसत नाही. वर्ष झालं."

लाटणं थांबलं. पलीकडून साहेब म्हणाले,

"ओपलला दे फोन."

तिने पिठाच्या हातानेच फोन धरला. "घाबरणारा अंग चोरतो, साहेब. याने एकदाही चोरलं नाही. त्याची मान चुकीच्या बाजूला वळलेली असते, एवढंच. बोट दाखवलं की भिडतो."

"नक्की?"

"चेंडूकडे बघायला अख्खं मैदान होतं. मी त्याच्याकडेच बघत होते."

मेबरीचं नाव यादीत राहिलं, निवडीच्या पहिल्या फेरीतून खालच्या फेरीत उतरून. मग साहेबांनी रॉयसला परत फोनवर घेतलं आणि निवड झाली की संघाचं ओळखपत्र आणि धावण्याची वेळ मोजायचं घड्याळ परत पाठवून द्यायला सांगितलं. आवाज चढवला नाही.

"पाठवतो," रॉयस म्हणाला.

ओपलने बिस्किटं ओव्हनमध्ये सरकवली. फोनवरचं पीठ ॲप्रनला पुसलं.

"आता लोकांना कंबरेचं काय सांगायचं?"

"सांग, बरी झाली म्हणून."