पाचवा खटका

बंदुका दुरुस्त करणाऱ्या अल्विन बिपर्टच्या दुकानातून पाच खटक्यांचं रिव्हॉल्वर कधी बाहेर पडलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो मेडिना नदीच्या दोन्ही काठांवर ऐकवत फिरायचा. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरचा घोडा अंगठ्याने मागे ओढला की चार खटके वाजायला हवेत. गोळ्यांचा फिरता सिलिंडर जागेवर धरणारा अडसर खाचेत बसणं आणि घोडा मागे अडकणं एकाच क्षणी झालं, तर चार. अडसर आधी बसला, तर पाच. त्याने धोका काही नसतो, भाग जरा लवकर झिजतात, एवढंच. पण अल्विनला ते ऐकवत नसे.

रुबेन शॉटला हे पक्कं ठाऊक. महिन्यातून एकदा गावातले म्हातारे जुन्या काळचे गुराखी बनून, टोपणनावं लावून नेमबाजीला जमत. रुबेन अल्विनच्या कानापाशी येऊन रिकाम्या रिव्हॉल्वरचा घोडा ओढायचा. "ऐक! तुझ्यापेक्षा एक जास्त!"

"अर्ध्या तासाचं काम आहे रे गाढवा, आण दुकानात."

"हात तर लावून बघ!"

रुबेनचं टोपणनाव होतं 'जेवणाला उशीर'. हिवाळ्यात तो गेला. अल्विनला भांडायला माणूस उरला नाही.

वसंतात रुबेनची बायको लुसील ते रिव्हॉल्वर भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. अल्विनने आधी ते रिकामं असल्याची खात्री केली, मग सिलिंडर उजेडात धरला.

"चीर गेलीय, मिस लुसील," तो म्हणाला; गावात लग्न झालेल्या बायकांनाही आदराने 'मिस'च म्हणत. " नवा घालावा लागेल. गोळ्यांत दारू ठासताना या माणसाने कधी हात आखडला नाही!"

"नवा घाल. पण आधी होतं तसंच मला परत हवंय. शनिवारी रुबेनच्या जागी मी उतरणार आहे. नावसुद्धा दिलंय."

"कोणतं?"

"'जेवण थंड'."

अल्विनला हसताना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

मग तो कामाला लागला. नवा सिलिंडर आसावर पुढेमागे हलू नये म्हणून त्याची बारीक नळी घासून जुळवली. सिलिंडर एकेक घर पुढे ढकलणारी जुनी पोलादी पट्टी कानशीने उतरवत आणली, केसाकेसाने, कान लावून. चौथा आणि पाचवा खटका एकमेकांत मिसळले, तेव्हा त्याने छताकडे बघून म्हटलं, "घे, रुबेन! झालं की नाही?" इतक्या वर्षांनी तो भांडण जिंकला होता. निळाभोर नवा सिलिंडर जुन्या करड्या रिव्हॉल्वरमध्ये उपरा दिसत होता, म्हणून व्हिनेगर लावून, घासून त्याचा रंगही त्याने उतरवला.

शुक्रवारी लुसील आली. रंग बघून ती खूश झाली. मग तिने डोळे मिटून घोडा ओढला. टक, टक, टक, टक. ती थांबून राहिली. पुढे काही येईना, तसं तिने डोळे उघडले.

"छान झालंय रे, अल्विन," ती म्हणाली आणि फडकं गुंडाळू लागली.

"काय झालं?"

"काही नाही. शुक्रवारी मी चुलीपाशी असायचे आणि रुबेन मागे टेबलाशी सराव करत बसायचा. पाचवा वाजल्याशिवाय मी काही ताट वाढायचे नाही. राहू दे, चांगलं झालंय."

तिने हट्ट केला असता तर अल्विनने दहा कारणं सांगितली असती. ती 'राहू दे' म्हणाली, तिथेच तो हरला. आपण रुबेनचं रिव्हॉल्वर दुरुस्त करायच्या नादात त्यातला रुबेनच घासून टाकला, हे त्याला चांगलंच लागलं.

"ठेवा ते खाली."

"अरे, लवकर झिजेल म्हणतोस ना?"

"वीस वर्षं तरी जाईल."

"मग अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी आणीन परत. असशील ना?"

"असेन, नाहीतर रुबेन वर बसून हसेल."

घासलेली पट्टी पुन्हा लांब करायला एकच उपाय होता. अल्विनने ती ऐरणीवर ठेवली आणि लहान हातोडीने हलके हलके ठोकून ताणली. आयुष्यात पहिल्यांदा तो चांगलं काम बिघडवत होता आणि मान वाकडी करून ऐकत होता. टक, टक, टक, टक... टक. लुसीलने तोंडावर हात धरला. मग नाक पुसून म्हणाली, "आता भूक लागली."

शनिवारी नेमबाजीआधी सगळ्यांची रिकामी रिव्हॉल्वरं तपासायचं काम ओटो हाबीकडे होतं. त्याने लुसीलच्या रिव्हॉल्वरचा घोडा ओढला, चमकला, पुन्हा ओढला. मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "पाच! मिस लुसील, नवा सिलिंडर दिसतोय हा. कुठल्या लोहाराने बसवला?"

लुसीलने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण अल्विन गर्दीतून पुढे आला. त्याने हॅट काढून छातीशी धरली होती.

"मी," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाला, "मी बसवलाय. पाचही खटके माझेच."