कुठलं महाळुंगे?

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. हजर: मी. सोबत: पाण्याची बाटली, टोपी, दिवसभराचा बसपास आणि कापडी पिशवीत पुरणयंत्र, जाळीशिवाय.

जाळी मैत्रिणीकडे होती. कासारवाडीला रेल्वे स्टेशनच्या मागे आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. ती जालन्याकडची, नवरा वर्कशॉपमध्ये. मी एका कंपनीत स्टोअरला, एकटी. पुरणयंत्र दोघींनी मिळून घेतलेलं. होळीला आधी तिचं पुरण निघायचं, मग माझं. पुढे तिचा नवरा वारला आणि मुलगा नोकरीला लागला. मग खोल्या पाडून तिथे इमारत उभी करायचं ठरलं आणि सगळे पांगलो. सामान हलवायच्या दिवशी यंत्र माझ्या ट्रंकेत गेलं. जाळी तिच्या खिडकीत वाळत होती, ती घाईत तिच्या भांड्यांबरोबर गेली.

मी थेरगावला लहानसा फ्लॅट घेतला. ती मुलाकडे निघाली. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाली, महाळुंग्याला, पाण्याच्या टाकीजवळ. मी कामांच्या यादीत 'पुरणयंत्र द्यायचे' या ओळीपुढे लिहून घेतलं. स्टोअरमध्ये साइज लिहिल्याशिवाय मी साधा नटसुद्धा आत घेतला नव्हता, पण इथे 'महाळुंगे, टाकीजवळ' एवढ्यावर भागवलं. फोन होताच की. वर्षभर बोलणं झालं. मग तिच्या मुलानं सिम बदललं, आणि तिच्या नंबरावर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं ऐकू येऊ लागलं. माझा नंबर तिच्याकडे राहिला की जुन्या फोनबरोबर गेला, कळायला मार्ग नाही.

कासारवाडीला सकाळी भिंतीवर थाप पडायची आणि पलीकडून आवाज यायचा, "काय करायलीस गं?" उत्तराची तिला गरज नसे, भाजी टाकलीय की कपडे भिजवलेत, तिला वासावरून, नळावरून माहीत असायचं. आता सोसायटीत मी मॅडम आहे, बसमध्ये मावशी, दवाखान्यात आजीसुद्धा झाले एकदा. गं म्हणणारं कोणी राहिलं नाही.

पहिल्यांदा मी गेले ते बालेवाडीच्या पलीकडच्या महाळुंग्याला. थेरगावहून तेच जवळ. डांगे चौकात गाडी पकडली, उतरले तर मान मोडेल एवढे उंच टॉवर. टाकी विचारली तर वॉचमन म्हणाला, कुठली टाकी, प्रत्येक बिल्डिंगवर आहे. सगळ्या गेटांवर विचारलं. तिचा मुलगा कारखान्यात सुपरवायझर. तो इथे कसा राहील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पास मात्र काढलेला होता. तो वाया कशाला घालवायचा म्हणून समोर आली त्या गाडीत बसले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन आले.

त्यानंतर ती सवयच झाली. रविवारी स्वयंपाक, कपडे, औषधं आटोपून निघायचं. मोशी, चऱ्होली, देहूगाव. शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरून आपापल्या दिशेला जातात, ड्रायव्हर-कंडक्टर चहा प्यायला जातात, आणि मी गाडीच्या सावलीत उभी राहून ती परत सुटायची वाट बघते. कोणाकडे आलात, असं एखादी बाई विचारते. सुरुवातीला मी खरं सांगायची, कोणाकडेच नाही. त्यावर ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. मग मी नातेवाइकांकडे म्हणू लागले.

अशाच एका रविवारी निगडीला बसले होते. चाकणच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा राहून गावं ओरडत होता, आणि त्यात महाळुंगे आलं. मी म्हटलं, महाळुंगे तर बालेवाडीला आहे ना?

तो म्हणाला, "मावशी, ते वेगळं. हे इंगळ्यांचं. कंपन्यांचं महाळुंगे."

गाडी भरली होती, आणि माझ्याकडे यंत्रही नव्हतं. म्हणून पुढचा रविवार ठरवला. तोच हा.

तळवडे मागे पडल्यावर रस्ता ट्रेलरांचा होतो. नव्या गाड्या दोन मजल्यांवर बांधून नेणारे लांबलचक ट्रेलर कडेला उभे, त्यांच्या सावलीत स्टोव्हवर भात शिजत होता. एका शेडच्या भिंतीला लागून कांद्याचं वावर, त्याच्या पलीकडे पुन्हा शेड. खोल्यांच्या गच्च्यांवर एकाच रंगाचे शर्ट वाळत होते. रविवार, धुण्याचा दिवस. निघोजे गेलं आणि मी पिशवी मांडीवर घेतली.

इथे टाकी एकच होती आणि लांबूनच दिसली. तिच्यामागे पत्र्याच्या खोल्यांची रांग. मालकीणबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मैत्रिणीचं नाव घेतलं, मुलाचं घेतलं, तरी त्यांच्या लक्षात येईना. शेवटी मी पिशवीतून यंत्र काढलं.

"जाळीवाल्या बाई व्हय!" त्या हसल्या. "गेल्या की दिवाळीच्या आधी. पोराला रांजणगावात काम लागलं."

मग त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगू लागल्या. मैत्रीण ती जाळी खिळ्याला अडकवून ठेवायची, सगळ्या आळीतल्या यंत्रांना लावून बघायची, आणि एकालाही ती बसायची नाही. बायका चेष्टा करायच्या, घोडा हरवलाय आणि ही लगाम घेऊन फिरतीय. शेवटी मुलानं नवं यंत्र आणून दिलं. जाताना जाळी हिथंच राहू द्या म्हणाली.

मालकीणबाईंनी आतून जाळी आणली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, घासून लख्ख केलेली.

नवं यंत्र आलं म्हणून ठेवली, हे मला समजलं. मी उठायला लागले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "समदं लिहून ठिवनारी ती तुमीच ना? म्हन्ली व्हती, कासारवाडीची हाय, तिच्या यादीत असंल तर ती येतीया. आली की द्या."

मी विचारलं, कुठलं रांजणगाव? गणपतीचं, शिरूरजवळचं, की संभाजीनगरकडचं, वाळूजच्या शेजारचं? दोन्हीकडे कंपन्याच कंपन्या. आणि जालना वाळूजकडून जवळ.

त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "आता रांजनगाव म्हंजी रांजनगाव, बाई. दोन असत्यात व्हय?"

स्टॉपवर गाडीला वेळ होता. बाकावर बसून जाळी यंत्रात बसवली. खटकन बसली. दांडा फिरवून बघितला, रिकामंच यंत्र फिरलं. शेजारी डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, कोणाकडे आला होतात? मी म्हटलं, मैत्रिणीकडे.

घरी आल्यावर यंत्र धुऊन पुसलं. जाळी काढली नाही. यादीतल्या 'पुरणयंत्र द्यायचे' या ओळीवर काट मारायला पेन घेतलं होतं, ते तसंच ठेवलं आणि पुढे लिहिलं: रांजणगाव. कुठले, ते विचारायचे. कोणाला विचारायचे, ती जागा अजून रिकामी आहे.