अण्णांनी विचारलेला शब्द

गंगाखेड स्टेशनावर अण्णांनी माझी बॅग डब्यात चढवली, मग खिडकीशी येऊन एवढंच विचारलं, "इतकी नफरत वाटती का गं गावाची?" गाडी सुटली.

आमच्याकडे हा शब्द सर्रास चालतो. निजाम गेला, शब्द राहिले. कारल्याचीही नफरत, भावकीचीही. माझी मात्र खरी होती. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड बैलगाडीतून ऊसतोडीला निघायचं. शाळा अर्ध्यावर सुटायची, पाचटानं हात चिरायचे. नर्सिंग झालं, मस्कतला नोकरी लागली आणि मी निघाले ती निघालेच.

त्यानंतर अण्णांनी एकदाही "ये" म्हटलं नाही. आई फोन त्यांच्या कानाला लावायची, "बरी हायेस ना?" एवढं विचारून ते परत द्यायचे. मला वाटायचं, आता त्यांनाच माझी नफरत आलीय. आता ड्युटी संपेस्तोवर पाय सुजतात. करार वाढवायचा की नाही, हे याच महिन्यात सांगायचं होतं. खरं सांगते, थकलेय मी. पण कुणी ये म्हणत नाही त्या घरी जायचं कसं? तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब गेलेत, त्यांना हे कळेल.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या गेटपाशी अँब्युलन्सचा सायरन वाजला आणि एक शेळी उधळली. सोबतची नर्स मैमूना, इथलीच, हसून म्हणाली, "नफरत!" मी विचारलं, कुणाची? तिनं मोडक्या हिंदीत समजावलं. अरबीत शेळी बिचकून पळाली की असंच म्हणतात. द्वेषाचा अर्थ मागून आला, मुळात नुसतं बुजून लांब जाणं.

मला आमचा सर्जा आठवला. कारखान्याचा भोंगा झाला की हा बैल दावं तोडून पळायचा. बाकीचे काठ्या घेऊन मागं धावायचे. अण्णा गव्हाणीत उसाचं हिरवं वाढं टाकायचे आणि तिकडं पाठ करून बसायचे. "बुजल्यावर हाका मारू न्हाई, आनखी लांब पळतंय. येईल त्याचं त्यो." आणि सर्जा यायचा.

परवा आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या खोलीत कूलर बसवायलेत तुझे अण्णा. म्या म्हनलं, तितं कोन हाय झोपाया? तर बोलंनात." मला रडूच आलं. एवढी वर्षं मी ज्याला राग समजत होते, ती त्यांची भरलेली गव्हाण होती. घर म्हणजे मला आता तेवढंच, पाठमोरे बसलेले अण्णा.

आईला म्हटलं, फोन त्यांना दे.

"अण्णा, नफरत नव्हती वो. बुजले व्हते मी."

ते म्हणाले, "कूलरनं खिडकीतला उजेड जरा अडायलाय बग. चालंल का तुला?"

चालंल म्हटलं. करार वाढवायचा नाही, हे आज सकाळी मेट्रनला सांगून आले.