टोपलीतली शेवळं

बोईसरच्या बाजारात शेवळांच्या, त्या फुलांच्या कोंबांच्या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या दिसल्या की मी आजही भरभर पुढे जातो.

काही वर्षांपूर्वी मी जवळच्या पाम गावात एका मावशींच्या घरी राहून शेवळांच्या रानटी जाती तपासत होतो. त्या सकाळी वाणगावकडच्या रानातून आणलेल्या फुलांवर काळपट ठिपके होते. नेहमीच्या शेवळांहून वेगळी, कदाचित अजून कुणीच न नोंदलेली जात. टोपली ओट्यावर ठेवून मी आंघोळीला गेलो. परतलो, तर टोपली रिकामी आणि घरभर सुकटीचा वास.

"सुकत चालली होती, म्हणून सुकट टाकून शिजवली. घशाची खाज मारायला काकडाची आंबट फळं पण घातली," मावशी म्हणाल्या. "तुमी पण बसा."

त्यांची चिमुरडी नात ताट बोटाने पुसून खात होती.

ही जात विषारी आहे का, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि मावशींचा घास हातातच राहिला.

"काय नाय ना होणार?"

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं पोरीचा श्वास बघत बसलो. ती खोकली की मावशी माझ्याकडे बघायच्या.

तिला काही झालं नाही. पुढे त्या जातीचं वर्णन लिहिताना मी 'खाण्याजोगी' असं लिहिलं. ते कशावरून, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.