गॅरेजची मोटर कुठे बसवायची, हे कुणाला विचारायचं?

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे.

आमच्या नोव्हाय गावातल्या घरात गॅरेजचं दार उघडणारी मोटर बंद पडली. ती छताला लटकलेली होती. सासरे व्हीलचेअरवर असतात, त्यांच्यासाठी घेतलेल्या व्हॅनचा उंच टप तिला घासायचा. म्हणून या वेळी मी दाराशेजारी भिंतीवर बसणारी मोटर निवडली. मापं मी घेतली, ऑर्डरही मीच दिली.

आज मेकॅनिक आला तो छताचीच मोटर घेऊन!

"सगळे हीच लावतात. तुमच्या नवऱ्याला फोन करून विचारलंय," म्हणाला.

मी तडक नवऱ्याला फोन लावला. "अगं, त्याने विचारलं, मी ओके म्हटलं. मला त्यातलं काय कळतंय?"

"मग माझ्याकडे का नाही पाठवलंस त्याला?" मी ओरडलेच. पंधरा वर्षं गाड्यांचे दरवाजे डिझाइन करतेय यार मी!

मेकॅनिकला मोटरसकट परत पाठवलं.

सासरे सगळं ऐकत होते. म्हणाले, "बरं केलंस. पण व्हॅनमधून मी जातो, मला कुणी विचारलं?"

त्यांना मीही विचारलं नव्हतं.

तुमच्या घरात कुणाला विचारायचं राहून जातं?