प्याल्याखालचं पातेलं

टेबलावर बोटाने टकटक करायची आणि म्हणायचं, "याच्या खाली अजून एक गोष्ट आहे." ही त्यांची सवय. पहिल्यांदा मी खरंच वाकून टेबलाखाली पाहिलं होतं.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या लायब्ररीत ते दर गुरुवारी युरोपातल्या मध्ययुगीन दंतकथा सांगत. निवृत्त शिक्षक, उंच, खांद्यात वाकलेले. श्रोते म्हणजे मी, आणि उबेला येऊन पेंगणारे एक गृहस्थ. हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला म्हणून शिकार सोडणारा संत सांगून झाला, की टकटक: त्या हरणाखाली ख्रिस्ताआधीचा, शिंगं असलेला रानदेव. संतिणीच्या विहिरीखाली जुनी जलदेवता. "देव बदलतात, विहीर तीच," ते म्हणत. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या गावातही शेंदराच्या थराखाली नक्की कोण आहे, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

मी तेव्हा अवघी बासष्ट वर्षांची अल्लड पोर. लेकीकडे नुकती राहायला आलेली आणि सभ्य व्हायच्या नादी लागलेली. लेकीने बजावलं होतं, "आई, इथे कुणाला पर्सनल विचारायचं नाही. वय, पगार, आजार, काही नाही."

"मग बोलायचं काय?"

"वेदर."

त्यामुळे भेटेल त्याला मी बर्फ पडतोय असं सांगत सुटले होते, जणू त्याला डोळे नव्हते.

त्या हिवाळ्यात त्यांच्या कोटाची बटणं चुकीच्या काजांत जाऊ लागली. डब्यात नुसती बिस्किटं. गोष्ट संपली तरी घरी न जाता ते खुर्च्याच सरळ करत राहायचे. तुम्ही असतात तर तुमच्याही लक्षात आलं असतं. प्रश्न माझ्या जिभेवर यायचा. मी तो गिळायचे आणि म्हणायचे, "आज फार थंडी."

मग एका गुरुवारी त्यांनी पवित्र प्याल्याची गोष्ट सांगितली. येशूने शेवटच्या जेवणात वापरलेला तो प्याला एका राजाच्या किल्ल्यात असतो. राजाची जखम भरत नाही, राज्य ओसाड पडलंय. एक तरुण सरदार तिथे जेवतो, सगळं बघतो, पण राजाला काय होतंय हे विचारत नाही. विचारलं असतं तर राजा बरा झाला असता.

"का नाही विचारलं मेल्याने?"

"त्याला शिकवलं होतं, फार प्रश्न विचारणं असभ्य."

लेक मला न्यायला येऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्हाला काय होतंय?"

"आई, प्लीज," लेक म्हणाली.

ते बोटाने टेबल पुसत राहिले. मग म्हणाले, "पानगळीत बायको गेली. सगळ्यांनी कार्डं पाठवली. छान कार्डं. विचारलं मात्र कुणी नाही."

पुढच्या गुरुवारी मी मुगाची खिचडी नेली, पातेल्यासकट. त्यांनी परत वाढून घेतली, आणि टकटक. "त्या प्याल्याखाली काय आहे, सांगू? काही लोक म्हणतात, आधी तो एक मोठा हंडा होता. ख्रिस्ताच्याही आधीच्या लोकांचा. येईल तो जेवायचा, अन्न संपायचं नाही."

"म्हणजे पातेलंच की."

"पातेलंच," तो शब्द घोळवत ते म्हणाले.

भांडं रिकामं परत देऊ नये, ही आपली रीत त्यांना सांगितली. मग पातेल्यातून काहीबाही यायला लागलं: सफरचंद, पाइनचं बोंड, एकदा नुसतीच सुटी बिस्किटं. पुढे काही वर्षं हे चाललं. राजासारखे ते बरे मात्र झाले नाहीत. बटणं चुकतच राहिली.

या मार्चमध्ये ते गेले. पातेलं त्यांच्याकडेच होतं. त्यांचा मुलगा ते द्यायला आमच्या दारात आला. घासून लख्ख केलेलं आणि रिकामं. त्याला आपली रीत कुठून माहीत असणार.

"तुला काय होतंय?" मी विचारलं.

"आय अ‍ॅम फाइन," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी हलेना. स्टीअरिंगवर कपाळ टेकून तो तसाच.

दार उघडं टाकून मी आत आले आणि तांदूळ धुवायला घेतले.

"आई, दार लाव ना, हीटिंग वाया जातंय."

मी हलले नाही. मग लेकच दार लावायला गेली. बाहेर पाहिलं आणि दाराला हात न लावता तिथेच उभी राहिली.